ग्रीन कार्ड चालू, पासपोर्ट संपलेला: आईंना भारतात जाऊन परत येता येईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही समजायचं राहिलं असेल तर लगेच कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. आई ६८ वर्षांच्या, गेली नऊ वर्षं ग्रीन कार्डवर (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना) तुमच्याकडे आहेत. त्यांचा भारतीय पासपोर्ट गेल्या वर्षी संपला आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. आता सांगलीला त्यांचे थोरले भाऊ दवाखान्यात आहेत, तब्येत नाजूक आहे, आणि आईंना त्यांना भेटायचंय. एका ओळखीच्याने सांगितलं, ग्रीन कार्ड असलं की पासपोर्ट लागतच नाही. दुसरा म्हणाला, री-एंट्री परमिट काढा, ते पासपोर्टाच्या जागी चालतं. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्डही येत्या मार्चमध्ये संपतंय.

दोन्ही सल्ल्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच घोटाळा होतो. मी वकील नाही. भारतात जाणाऱ्या लोकांची तिकिटं आणि त्यांच्यासोबतचे कागद बघण्याचं काम वर्षानुवर्षं करते, आणि त्याआधी विमानतळावर एका कंपनीच्या चेक-इन काउंटरवर होते. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकापेक्षा खिडकीवर काय विचारतात, हे मला जास्त ठाऊक आहे.

खरा प्रश्न ‘आई जाऊ शकतील का’ हा नाही. जाण्याची सोय बहुतेक वेळा होते. ‘आई भारतातून परत निघू शकतील का’ हा प्रश्न आहे, आणि लोक तो मुंबईत उतरल्यावर विचारतात.

प्रवासात कागद कोण कोण मागतं ते बघू. अमेरिकेतून निघताना इमिग्रेशनचा काउंटर नसतो, पण विमान कंपनी कागद बघते. भारतात उतरल्यावर भारतीय इमिग्रेशन. परत येताना पुन्हा विमान कंपनी, लगेच त्यामागे भारतीय इमिग्रेशन, आणि शेवटी नेवार्क किंवा जेएफके विमानतळावर अमेरिकन अधिकारी. यातला प्रत्येक जण आपापला कागद मागतो आणि दुसऱ्याच्या कागदाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

सगळ्यात सोपा शेवटचा माणूस आहे. एका वर्षाच्या आत परतणाऱ्या ग्रीन कार्डधारकाकडून अमेरिकेचा नियम पासपोर्ट मागत नाही, वैध ग्रीन कार्ड पुरतं. तुमच्या पहिल्या सल्लागाराचं म्हणणं इथे, आणि फक्त इथेच, बरोबर आहे. ते कार्ड अमेरिकेने अमेरिकेच्या दारासाठी दिलेलं आहे. भारताच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने आई भारतीय नागरिक आहेत, आणि नागरिकाकडे तो आपल्या देशाचा पासपोर्ट मागणार.

आता काउंटर. तिथला मुलगा किंवा मुलगी तुमच्यावर उपकार करायला किंवा तुमचा छळ करायला बसलेली नसते. तिच्या पडद्यावर टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली असते. जगातल्या बहुतेक विमान कंपन्या तीच वापरतात. काउंटरवरची व्यक्ती त्यात नागरिकत्व, कागदाचा प्रकार, वैधता संपण्याची तारीख, कुठून कुठे आणि मधे कुठे थांबणार, हे भरते. ग्रीन कार्ड हातात घेतलं की ते उलटं करून मागच्या तीन ओळी मशीनवर फिरवते. ‘सी१’ किंवा ‘सी२’ने सुरू होणाऱ्या त्या ओळींमध्ये कार्डाचा सगळा तपशील असतो. पासपोर्टाचीही तशीच ओळ असते, आणि आईंच्या पासपोर्टाच्या ओळीत गेल्या वर्षीची तारीख आहे. कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला बसतो, म्हणून पडदा ‘नाही’ म्हणाला की सुपरवायझरही हात वर करतो. तिथे रडून, भावाच्या आयसीयूतल्या फोटोंनी काही होत नाही. हे सगळं मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

परतीचं सांगते, कारण गाडं तिथेच अडतं. भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं तिसरं कलम सांगतं की वैध पासपोर्ट किंवा प्रवासपत्र असल्याशिवाय कोणालाही भारताबाहेर पडता येत नाही. मुंबईच्या विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी तेच बघतो. आई त्याच्यासमोर ग्रीन कार्ड ठेवतील. तो म्हणेल, बरं, अमेरिका तुम्हाला आत घेणार हे कळलं, आता तुमचा पासपोर्ट द्या. तो नसेल तर पुढचं बोलणंच होत नाही.

इथे तुमचा दुसरा सल्लागार री-एंट्री परमिट पुढे करतो. ते पुस्तक दिसायला अगदी पासपोर्टासारखं असतं, कव्हर आहे, पानं आहेत, फोटो आहे, म्हणून लोक फसतात. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. ग्रीन कार्डधारक एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहणार असेल, तर ‘मी अमेरिकेतलं घर सोडून गेलेलो नाही’ हे सांगायला ते असतं. साधारणपणे दोन वर्षांसाठी मिळतं. गेल्या पाच वर्षांतली चारहून जास्त वर्षं माणूस बाहेर राहिला असेल तर सहसा एकाच वर्षाचं देतात. अर्ज आय-१३१ या फॉर्मवर, फी ६३० डॉलर, आणि अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो. बोटांचे ठसे द्यायला बोलावतात, तेही निघण्यापूर्वी देऊन टाकावेत. पुस्तक हातात यायला बरेच महिने, कधीकधी वर्षही जातं. तातडीची विनंती करता येते, पण मंजूर होईलच असं नाही.

म्हणजे वेळेच्या हिशोबानेच ते तुमच्या कामाचं नाही. आणि समजा उद्या हातात आलं, तरी त्याने आईंचं नागरिकत्व बदलत नाही. ज्याला आपल्या देशाचा पासपोर्ट मिळूच शकत नाही अशा ग्रीन कार्डधारकाला तिसऱ्या देशात जायला काही देश त्यावर व्हिसा देतात, तिथे त्याचा उपयोग खरा आहे. भारतीय माणसाने भारतात जाऊन, भारतीय इमिग्रेशनसमोर, भारतीय पासपोर्टाऐवजी अमेरिकेचं परमिट दाखवून बाहेर पडायचं, या भरवशावर मी माझ्या एकाही ग्राहकाला तिकीट काढू देत नाही.

मग करायचं काय? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: मामांची तब्येत किती दिवस वाट बघू देईल, आईंचा जुना पासपोर्ट घरात आहे की हरवलाय, आणि आई भारतात किती दिवस राहू शकतात. तुम्ही ‘संपला’ असं लिहिलंय, म्हणून पासपोर्ट घरात आहे असं धरते. हरवला असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग प्रतिज्ञापत्र, आणि तपासणीला जास्त वेळ. तो हिशोब निराळा होतो.

माझी पहिली पसंती, आणि मी ती जोर देऊन सांगते: इथूनच पासपोर्ट नवा करून घ्या, तत्काळमध्ये. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं. अर्ज २०२० च्या अखेरीपासून व्हीएफएस या खासगी कंपनीमार्फत स्वीकारले जातात. लोकांचा गोंधळ होतो तो इथे की ऑनलाइन भरायचं दोन ठिकाणी असतं. आधी भारत सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरून त्याची छापील प्रत काढायची, मग व्हीएफएसच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करायची. पहिला भाग केला आणि काम झालं असं समजून बसलेले लोक माझ्याकडे दर महिन्याला येतात.

अर्ज भरताना दोन जागी जपा. एक, सही. ६८ वर्षांच्या बाईंची सही दहा वर्षांपूर्वीच्या पासपोर्टावरच्या सहीसारखी राहिलेली नसते, आणि चौकटीच्या बाहेर गेली तर अर्ज परत येतो. कोऱ्या कागदावर तेवढी चौकट आखून आईंना चार-पाच वेळा सही करायला लावा, मग खऱ्या फॉर्मवर. दोन, भारतातला पत्ता. पोलिस पडताळणी तिथल्या ठाण्यातून होऊ शकते. सांगलीचं घर बंद असेल आणि शेजारी नवे असतील, तर हवालदार ‘संबंधित व्यक्ती आढळून आली नाही’ असं लिहून मोकळा होतो आणि फाइल तिथेच पडते. ज्या घरात आज कोणी ओळखीचं माणूस राहतंय तो पत्ता द्या, आणि त्यांना आधी फोन करून ठेवा की अशी चौकशी येईल.

ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि जुना पासपोर्ट, एवढं लागेलच. आई तुमच्याकडे राहतात, म्हणजे वीजबिल, भाडेकरार सगळं तुमच्या नावावर असणार. वयस्कर आईवडिलांच्या बाबतीत हा पुरावाच सापडत नाही. त्यांचं बँकेचं पत्रक किंवा राज्याचं ओळखपत्र असेल तर ते आधी बाहेर काढा.

त्याच दिवशी सांगलीहून दवाखान्याचं पत्र मागवा. लेटरहेडवर, डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, रुग्णाचं नाव, आजार आणि ‘प्रकृती गंभीर आहे’ हे वाक्य. व्हॉट्सअॅपवरचा रिपोर्टचा फोटो हे पत्र होत नाही. मामा आणि आई सख्खे भाऊबहीण आहेत हे दाखवणारं काहीतरी सोबत हवं. लग्नानंतर आईंचं आडनाव बदललंय, तेव्हा नुसत्या नावांवरून नातं सिद्ध होणार नाही. वडिलांचं नाव दोघांच्याही कागदांवर असेल तर तेच दाखवा. हे घेऊन कॉन्सुलेटला तातडीचं प्रकरण म्हणून लिहा आणि फोनही करा. अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो, आणि त्याला फाइलला जोडायला कागद लागतो. तो तुम्ही दिलात तर तो मदत करतो, असा माझा अनुभव आहे.

तत्काळमध्येही नेमके किती दिवस, हे मी लिहून देणार नाही. पडताळणी आधी होणार की नंतर, जुन्या नोंदी जुळतात की नाही, यावर ते फिरतं. जन्मतारीख पासपोर्टावर एक आणि आधारवर दुसरी असं असेल, तर तत्काळ असूनही अडेल. आपल्या आईवडिलांच्या पिढीत एक जून या जन्मतारखेची माणसं किती आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरा मार्ग. मामांची अवस्था इतकी वाईट असेल की पासपोर्टाची वाट बघणं शक्यच नाही, तर कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकतं. भारतीय नागरिकाला भारतात परत जाता यावं म्हणून दिलेला तो फक्त जाण्यापुरता कागद असतो. त्यावर आई भारतात पोचतील. परत येण्यासाठी तो शून्य कामाचा. म्हणजे हा कागद घेतला, की भारतात गेल्यावर नवा पासपोर्ट काढणं आलंच, आणि तो हातात येईपर्यंत परतीचा विचार करायचा नाही.

हा मार्ग घ्यायचाच असेल तर विमान थेट भारताचं बघा. मुंबई मिळालं तर उत्तम, नाहीतर दिल्ली. युरोपात किंवा आखातात थांबा असलेलं तिकीट दोनशे डॉलरने स्वस्त मिळतं आणि लोकांचा जीव त्यात अडकतो. पण प्रत्येक थांब्याच्या देशाचे नियम वेगळे असतात. युरोपातल्या ज्या विमानतळांवर भारतीयांना एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो, तिथे ग्रीन कार्डधारकाला सूट आहे, पण ती मांडलेलीच असते ‘वैध पासपोर्ट आणि सोबत ग्रीन कार्ड’ या गृहीतावर. फक्त जाण्यापुरत्या कागदावर प्रवास करणारी, व्हीलचेअरवरची, इंग्रजी तुटक बोलणारी बाई फ्रँकफर्टच्या काउंटरवर उभी आहे, हे चित्र मला नको वाटतं. थेट विमानात हा प्रश्नच उरत नाही. विमान कंपनीला आधी फोन करून प्रवाशाकडे इमर्जन्सी सर्टिफिकेट आहे हे तिकिटावर नोंदवून घ्या. आणि त्या सर्टिफिकेटच्या दोन-तीन रंगीत प्रती काढून एक आईंच्या पर्समध्ये, एक तुमच्याकडे ठेवा. मूळ कागद उतरल्यावर इमिग्रेशनने ठेवून घेतला, तर पुढे पासपोर्टाच्या अर्जाला प्रत तरी हाताशी असेल.

भारतात अर्ज कुठे करायचा? सांगली पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतं. पण २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे जिथे लवकर वेळ मिळेल तिथे करा. मुंबईत एखादा नातेवाईक असेल तर तिथलं पासपोर्ट सेवा केंद्रही चालेल. पडताळणी मात्र फॉर्मवर दिलेल्या पत्त्यावरच होईल. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टाची फी १,५०० रुपये, तत्काळचे वर २,००० रुपये. केंद्रात ए, बी, सी अशा तीन खिडक्या. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बी वर सरकारी माणूस मूळ कागद तपासतो. सी वर मंजुरी. आईंसारख्यांची खरी चर्चा बी आणि सी वर होते: इतकी वर्षं कुठे होतात, सर्टिफिकेटवर का आलात, परत का जायचंय. आईंनी खरं आणि थोडक्यात सांगावं. मुलाकडे राहते, ग्रीन कार्ड आहे, भाऊ आजारी होता, पासपोर्ट संपल्याचं लक्षात आलं नाही. सोबत एखादा भाचा द्या, नुसतं रांगेत बसायला का होईना.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट, जिच्यापायी आठवडे गेलेले मी पाहिलेत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर. आईंचा भारतातला नंबर नऊ वर्षांत कधीच बंद पडला असणार, कदाचित तो दुसऱ्या कोणाला मिळालाही असेल. ओटीपी त्या अनोळखी माणसाला जाणार. भारतात उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. नव्या सिमकार्डालाही ओळखपत्र लागतं, म्हणून तोवर भाच्याच्याच नंबरवर काम चालवा.

या मार्गाला आणखी एक घड्याळ लागलेलं असतं, अमेरिकेच्या बाजूचं. पासपोर्टात काही अडलं, फाइल ठाण्यात राहिली, आणि बघता बघता सहा महिने झाले, तर परत येताना आईंना जास्त प्रश्न विचारले जाऊ शकतात. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाकडे कायदा वेगळ्या नजरेने बघतो. एक वर्ष ओलांडलं आणि हातात री-एंट्री परमिट नसलं, तर नुसत्या ग्रीन कार्डावर परतता येत नाही. मग मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये परतणाऱ्या रहिवाशाच्या व्हिसासाठी अर्ज करून, उशीर आपल्या हातात नव्हता हे सिद्ध करावं लागतं. तो रस्ता खडतर आहे. एवढं लांबेल असं मी म्हणत नाही, पण आई गेल्या की निघाल्याची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि चौथ्या महिन्यात जागे व्हा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं. मामांना दोन-तीन आठवड्यांचा अवकाश आहे असं डॉक्टर म्हणत असतील, तर इथूनच तत्काळ पासपोर्ट करा आणि त्यावरच पाठवा. तेवढा वेळ नसेल आणि आईंसोबत घरचं कोणीतरी जाऊ शकत असेल, तर इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्या. आई एकट्याच जाणार असतील, तर मी ते सुचवणार नाही, भेट चुकण्याचा धोका पत्करूनही. हे ऐकायला कठोर वाटेल. पण मामा गेल्यावर सांगलीत तीन महिने पासपोर्टाची वाट बघत, रोज फोनवर ‘मला घरी न्या’ म्हणणारी आई हाताळणंही सोपं नसतं. शेवटी निर्णय आईंचा. त्यांना दोन्ही बाजू सांगा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. आमच्याकडे येणारी मुलं बऱ्याचदा आईला विचारायचंच विसरतात.

तुमच्यासारखाच प्रश्न वेगळ्या कारणाने पडलेले लोकही असतात, त्यांच्यासाठी थोडं. ज्यांच्यावर भारतात फौजदारी खटला चालू आहे, मग तो घरगुती वादातून का झालेला असेना, त्यांचा पासपोर्ट १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्याच सहाव्या कलमाखाली अडू शकतो. १९९३ च्या एका सरकारी अधिसूचनेमुळे न्यायालयाची परवानगी आणून ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळवता येतो. न्यायालयाने मुदत लिहिली नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो. असं प्रकरण असेल तर तिकिटाआधी भारतातला वकील गाठा. इथे माझा उपयोग नाही. आश्रयावर ग्रीन कार्ड मिळालेल्यांसाठी अमेरिकेचं निर्वासित प्रवासपत्र असतं, एक वर्षाचं. पण ज्या देशातून जिवाच्या भीतीने पळालो असं सांगितलंय, त्याच देशात सुट्टीला जाणं हे स्वतःच्या हाताने स्वतःची फाइल उघडणं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रकार वरचेवर होतो. आईबापांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा मात्र पाचच वर्षांचा. सगळे एकदम काढले म्हणून सगळे एकदम संपतील असं डोक्यात बसतं, आणि डिसेंबरच्या सुट्टीला निघताना कळतं की धाकट्याचा दोन वर्षांपूर्वीच संपलाय.

पासपोर्ट नसताना ग्रीन कार्डावर कुठे फिरता येतं, असं बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या आत, अर्थातच. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत ग्रीन कार्ड ओळखपत्र म्हणून चालतं, मे २०२५ मध्ये रिअल आयडीचा, म्हणजे देशांतर्गत विमानासाठी ठरावीक दर्जाच्या ओळखपत्राचा, नियम लागू झाल्यानंतरही. प्वेर्तो रिको हा अमेरिकेचाच प्रदेश असल्याने तिथेही पासपोर्टाविना जाता येतं. कॅनडाचं मात्र बदललंय. पूर्वी लोक नुसतं कार्ड दाखवून नायगाराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन यायचे. २६ एप्रिल २०२२ पासून कॅनडा ग्रीन कार्डधारकाकडे वैध पासपोर्टही मागतो. पाहुणे आलेत म्हणून आईंना गाडीत बसवून पुलावर जाऊ नका.

आता राहिलं ग्रीन कार्ड. ते मार्चमध्ये संपतंय. संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत कार्ड नवं करायचा आय-९० फॉर्म भरता येतो, फी ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदावर ४६५. पावतीचं पत्र येतं, आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पत्र जुन्या कार्डाची वैधता ३६ महिन्यांनी वाढवतं. पत्र मूळ हवं आणि कार्डासोबतच ठेवायला हवं. नुसतं पत्र किंवा नुसतं कार्ड, दोन्ही अर्धवट. आई मार्चच्या पुढे भारतात राहण्याची जराही शक्यता असेल, तर निघण्यापूर्वी हा अर्ज करा. आणि कार्ड जपा, भारतात ते हरवलं तर आय-१३१ए फॉर्म भरून, ५७५ डॉलर मोजून, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून विमानात चढण्यापुरता कागद घ्यावा लागतो, आणि त्या खिडकीवरही पहिल्यांदा पासपोर्टच मागतात.

आईंनी अमेरिकन नागरिकत्व घ्यायचं ठरवलं तर एन-४०० अर्जाच्या पावतीनेही कार्ड २४ महिने वाढतं. नऊ वर्षं झालीत, म्हणजे पाच वर्षांची अट कधीच पूर्ण झाली. अडचण इंग्रजीची. ५५ पूर्ण आणि पंधरा वर्षं ग्रीन कार्ड असेल तर मुलाखत आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीत देता येतात. आईंना त्यासाठी अजून सहा वर्षं थांबावं लागेल, किंवा आत्ताच थोडं इंग्रजी शिकावं लागेल. शिवाय अमेरिकन नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढता येतं. हे सगळं निवांत वेळेत करायचं काम आहे, मामांच्या उशाशी बसायची घाई असताना नाही.

आज रात्री भारतात सकाळ झाली की पहिला फोन दवाखान्यात करा आणि ते पत्र मागवा. जुन्या पासपोर्टाचं पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करून ठेवा. जन्मतारीख पासपोर्टावर आणि आधारवर एकच आहे का ते बघून मला कळवा. वेगवेगळी निघाली तर अर्ज भरण्याआधी माझ्याशी बोला, पुढचा क्रम थोडा बदलावा लागेल.